'लाल कडी'ची दुसरी बाजू

आमच्या लायोनेलने उभ्या आयुष्यात एकच रेकॉर्ड केली, आणि ती घरात लावायची नाही असा नियम होता. नियम म्हणजे तो तोंडाने काही बोलला नव्हता. बोलून मोकळा होणारा माणूस असता तर मला हे सांगत बसावंच लागलं नसतं. लग्नानंतर मी एकदा हौसेने लावली, तर हा उठून मागच्या अंगणात कबुतरांकडे गेला आणि सुई शेवटच्या चरीत खरखरायला लागली तेव्हाच आत आला. मग ती रेकॉर्ड कपाटावर, नाताळच्या सजावटीच्या खोक्यामागे गेली.

आता त्याच रेकॉर्डची चौकशी करायला लांबलांबचे लोक आमच्या दारात येतात. बहुतेक पुरुष, बहुतेकांना टक्कल. सगळ्यांना एकच विचारायचं असतं: दुसऱ्या बाजूच्या मधोमध जी शांतता आहे, ती कशी सुचली? एकाने तर मलाच शिकवलं की सगळी वाद्यं अशी एकदम थांबवणं म्हणजे नशेतल्या अनुभवाचं दर्शन आहे. मी म्हटलं, बाबा रे, त्या दिवशी लायोनेलच्या पोटात मी बांधून दिलेले चीज-कांद्याचे पाव आणि चहा, एवढंच होतं. त्याला ते पटलं नाही. म्हणून एकदा नीट सांगून टाकते.

लायोनेल रेबोल्ड आमच्या बर्मिंगहॅमजवळच्या क्रॅडली हीथचाच. शाळा सुटली तसा जोसाया ट्रोमन्सच्या हाताखाली साखळीच्या कारखान्यात घण मारायला लागला. जहाजांच्या नांगराच्या साखळ्या, एकेक कडी माणसाच्या मांडीएवढी. यंत्रावर साखळ्या कधीच्या व्हायला लागल्या होत्या, पण जोसायासारखे काही म्हातारे अजून हातानेच कड्या जोडत. भट्टीतून कडी काढायची, जोसायाने ती ऐरणीवर धरून लहान हातोडीने जागा दाखवायची आणि लायोनेलने तिथे घण घालायचा. आत एवढा दणदणाट की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी उपयोग नाही. म्हणून बोलणं नव्हतंच. सांधा बसला की जोसाया हातोडी ऐरणीवर दोनदा टेकवायचा. टिंग, टिंग. ते ऐकलं की घण थांबलाच पाहिजे, डोक्यावर उचललेला असला तरी. एक घाव जास्त पडला तर बसलेला सांधा चिरतो.

हे हातांना इतकं भिनतं की ते डोक्याला विचारत नाहीत. लायोनेल पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आला तेव्हा माझ्या आईने सवयीने चमचा बशीवर दोनदा ठोकला. हा काटा अर्ध्या वाटेवर धरून तसाच थांबला, तोंड उघडं. आईने मला स्वयंपाकघरात ओढून नेऊन विचारलं, "पोराला फिट येते का गं?" मी लग्न करायचं तेव्हाच ठरवलं. इतका आज्ञाधारक नवरा कुठे मिळतो? पुढे कळलं की आज्ञा फक्त लोखंडाची पाळतो, बायकोची नाही.

घणावर खरं तर मर्विन यायचा होता, जोसायाचा एकुलता एक मुलगा. बापाची हातोडी पुढे त्याच्याकडे यायची, हे गल्लीत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. मर्विन कसाबसा एक आठवडा टिकला आणि म्हणाला, मला बोटं गिटारसाठी हवी आहेत. जोसाया भांडला असता तर बरं झालं असतं. तो काहीच बोलला नाही. लायोनेलला घणावर घेतलं, मर्विन चपलांच्या दुकानात लागला, आणि त्या घरात बापलेकांचं बोलणं मीठ दे, दार लाव, एवढ्यावर आलं.

मर्विन वरून बेफिकीर होता. आत्याच्या जुन्या पडद्याचा कोट शिवून घालायचा, केस खांद्यापर्यंत, आमच्या गल्लीतले कुत्रेसुद्धा त्याच्यावर वेगळं भुंकायचे. पण दर सोमवारी कारखाना सुटायच्या वेळेला फाटकाशी उभा राहून लायोनेलला विचारायचा, "म्हातारा माझ्या वाजवण्याबद्दल काही म्हणाला का रे?" लायोनेल म्हणायचा, भट्टीवर कोण बोलतं? आणि मर्विन हसून विषय बदलायचा. ते हसू मला कधी आवडलं नाही.

गिटारवर मर्विन, ढोलांवर लायोनेल आणि बास गिटारवर नेव्हिल विलेट्स. नेव्हिल खाटकाचा मुलगा होता आणि वाजवताना डोळे फक्त लायोनेलच्या हातांवर. नाव ठेवलं 'ग्रे पीज'. खारवलेल्या डुकराच्या मांसाबरोबर आमच्याकडे ते काळपट वाटाणे शिजवतात ना, ते. लंडनकडची पोरं फुलांची, चंद्राची नावं ठेवत होती आणि हे वाटाण्याची. सराव चर्चच्या मागच्या खोलीत. वाजवायचे क्लबात, बिंगोच्या दोन खेळांच्या मध्ये, आणि बिंगोची वेळ झाली की क्लबचा चिटणीस सरळ वीज काढून घ्यायचा.

गाणी कसली होती हे मला धड सांगता येणार नाही. मूळ दुःखाचीच, संथ, काळ्या लोकांच्या अमेरिकन रेकॉर्डवरून शिकलेली. पण मर्विन गिटारला जोडलेल्या विजेच्या एका डबीवर पाय द्यायचा आणि गिटारचा आवाज वितळायला लागायचा, लांब ताणला जायचा, भिंती हलतात की काय असं वाटायचं. आणि खाली लायोनेल. लायोनेल नाजूक वाजवत नव्हता. तो घण घालायचा, पण नेमका जिथे पाहिजे तिथे. मी मागे खुर्चीवर विणकाम घेऊन बसायचे आणि एक टाका धड पडायचा नाही. तेव्हाचा तो मला अजून दिसतो, बाह्या दुमडलेल्या, कपाळाला चिकटलेले केस.

लंडनच्या एका छोट्या कंपनीने त्यांची रेकॉर्ड काढायचं कबूल केलं. नाव मर्विननेच दिलं, 'लाल कडी'. बर्मिंगहॅमला एका पियानोच्या दुकानावरच्या खोलीत ध्वनिमुद्रण ठरलं, आणि आदल्या दिवशी नेव्हिलच्या बापाची मांस पोचवायची गाडी बंद पडली. मर्विन डोकं धरून बसला. तेव्हा जोसाया वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाला, "मी नेतो." त्याच्याकडे शर्यतीची कबुतरं न्यायची व्हॅन होती. मर्विनने ते मला तीनदा सांगितलं. मी नेतो म्हणाला गं, स्वतःहून म्हणाला.

व्हॅनमध्ये ढोल, कबुतरांच्या टोपल्या आणि माणसं कोंबल्यावर मला जागा उरली नाही. मी पाव बांधून दिले आणि हात हलवला. त्यामुळे पुढचं बरंच मला कळायला आयुष्य गेलं.

त्यांनी सकाळपासून वाजवलं. जोसाया कोपऱ्यात, टोपी गुडघ्यावर ठेवून, दिवसभर बसून होता. शेवटचं गाणं दुसऱ्या बाजूचं, सबंध बाजूभर चालणारं, मर्विनने त्यासाठी वर्ष घातलं होतं. वेळ संपत आली होती, जिन्यात कुठल्याशा चर्चची गायक मंडळी कोट घालून रांगेत उभी होती. एकदाच वाजवायला मिळणार होतं. आणि गाणं ऐन भरात असताना लायोनेल थांबला. नेव्हिल त्याचे हात बघूनच वाजवायचा, तोही थांबला. मर्विनने वळून पाहिलं, त्याच्या बोटाखालचा एक सूर लांबत लांबत विरून गेला. खोलीत काहीच नाही. जिन्यातली एक बाई खोकली, ती रेकॉर्डवर ऐकू येते म्हणतात. मग लायोनेलने एकदम पुन्हा सुरुवात केली, असा घाव घातला की बाकीचे दोघंही त्याच्यामागे कोसळल्यासारखे धावले, आणि गाणं शेवटाला गेलं.

पुन्हा वाजवायला वेळ नव्हता. कंपनीने आहे तसंच छापलं. वेष्टनावर तिघांचा फोटो, जांभळा-हिरवा रंग चढवलेला, तिघांना कावीळ झाल्यासारखा, त्यात वाऱ्याने लायोनेलचे डोळे मिटलेले. ज्यांनी कुणी घेतली त्यांनी रेकॉर्ड बिघडलेली आहे म्हणून दुकानात परत आणून टाकली. डडलीच्या बाजारातला दुकानदार सुई बदलून बदलून थकला. कंपनीने हात झटकले आणि ग्रे पीज संपले.

मर्विनने लायोनेलला क्लबात सगळ्यांसमोर गाठलं. आवाज चढवला नाही, तेच वाईट होतं.

"माझ्या हातून एकच चांगली गोष्ट होणार होती," तो म्हणाला. "आणि तू मधेच झोपलास."

लायोनेल ग्लासकडे बघत राहिला. "हात थांबले," एवढंच म्हणाला.

"का थांबले?"

लायोनेल मूग गिळून बसला. मी टेबलाखालून त्याला लाथ मारली, काहीतरी बोल म्हणून. काही नाही. पुढच्या वसंतात मर्विन कॅनडाला गेला, लाकडाच्या ट्रकवर लागला आणि लायोनेलला त्याने कधी नाताळचं कार्डसुद्धा पाठवलं नाही. लहानपणापासून एका बाकावर बसलेली माणसं ही.

मी किती वेळा विचारलं असेल. लग्नाआधी, लग्नानंतर, पहिली मुलगी झाली तेव्हा, ती शाळेत गेली तेव्हा. दमला होतास का? चुकलास का? लायोनेल म्हणायचा, झालं ते झालं. घरातले ढोल त्याने स्काउटच्या मुलांना देऊन टाकले. पण रस्त्यात कुणी जुन्या दिवसांवरून चेष्टा केली, "काय लायोनेल, आज जागा आहेस ना?", की त्याचे कान लाल व्हायचे. रेकॉर्ड बुडाल्याचं दुःख त्याला नव्हतं. मर्विनचं काम आपल्या हातून बिघडलं असं मर्विनला वाटतंय, हे त्याला आत खात होतं. ते मला दिसत होतं, आणि मला राग यायचा, कधी मर्विनचा, बहुतेक वेळा ह्याचाच.

कारखाना बंद पडला. लायोनेल नगरपालिकेच्या कबरस्तानात गवत कापायला लागला आणि त्यातच निवृत्त झाला. घणाने अर्धे कान नेले होते, उरलेले गवताच्या यंत्राने नेले. जोसाया एकटाच राहायचा, म्हणून दर रविवारी आमच्याकडे वाटाणे खायला यायचा. शेवटी शेवटी त्याचे हात थरथरायला लागले तेव्हा लायोनेल त्याची दाढी करून द्यायचा. दोघं तासन्‌तास न बोलता कबुतरं बघत बसायचे. रेकॉर्डचा विषय त्या दोघांत मी एकदाही ऐकला नाही.

जोसाया गेला तेव्हा मर्विन आला होता. शवपेटीला पुढून खांदा दिला तो मर्विन आणि लायोनेलने, शेजारी शेजारी, पाऊल जुळवून. पेटी खाली ठेवल्यावर मर्विनने माझा हात हातात घेतला, नेव्हिलच्या बायकोचा घेतला, आणि लायोनेलला ओलांडून गाडीत जाऊन बसला. मी त्या दिवशी घरी येऊन दोन बश्या फोडल्या. लायोनेलने न बोलता तुकडे गोळा केले.

मग दोन वर्षांपूर्वी कुठल्यातरी नव्या कंपनीला मूळ फिती सापडल्या, त्यांनी त्या साफ करून 'लाल कडी' पुन्हा छापली. अचानक लोकांना ती आवडायला लागली, शांततेसकट. आम्हाला एक प्रत आली, ती लायोनेलने वेष्टन न फोडता त्याच खोक्यामागे ठेवली. आणि मागच्या शरदात एका दुपारी दार वाजलं. दारात मर्विन, केस पांढरे, अंगात हा एवढा कॅनडाचा कोट, काखेत तीच रेकॉर्ड.

"ग्लेनिस, तुमच्याकडे रेकॉर्ड लावायचं यंत्र आहे का अजून?" त्याने मला विचारलं. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

मी म्हटलं, "आहे, आणि माझा नवरापण आहे. आधी त्याच्याशी बोलायचं, मग यंत्र."

लायोनेल शेगडीजवळच्या खुर्चीत होता. कानातलं यंत्र काढून त्याने उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात ठेवलं होतं, नेहमीसारखं. मर्विनला बघून उठायला लागला, मर्विनने हातानेच बस म्हटलं आणि रेकॉर्डची दुसरी बाजू लावली. लायोनेलने एकदा परसदाराकडे पाहिलं. मी दारात उभी राहिले, जाऊ द्यायचंच नाही म्हणून.

मग त्याने एक केलं. खुर्ची पुढे ओढली आणि स्पीकरच्या खोक्यावर तळवा टेकवला. ऐकू येत नव्हतं, तर हातानेच घ्यायला लागला. हळूहळू त्याचा दुसरा हात मांडीवर पडायला लागला, जसा पडायचा तसा. मला ती चर्चमागची खोली आठवली, खुर्चीवरचं विणकाम आठवलं, आणि मी साडी नेसणारी बाई असते तर पदर डोळ्याला लावला असता. होता तो भांडी पुसायचा फडका लावला. गाणं भरात आलं. आणि त्या सगळ्या आवाजाच्या वर मला बारीक, स्वच्छ ऐकू आलं. टिंग, टिंग. लायोनेलचा हात मांडीवरून वर उचललेला तसाच थांबला. खोलीत शांतता. ती बाई खोकली.

मर्विनने सुई उचलली. "जुन्या रेकॉर्डवर हे ऐकू येत नव्हतं," तो म्हणाला. "मी त्या कारखान्यामागच्या घरात वाढलोय. हे मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. कोण होतं ते?"

लायोनेलने कानाकडे बोट दाखवलं, ऐकू येत नाही म्हणून. मी कपातलं यंत्र काढून त्याच्या कानात कोंबलं. खोटं बहिरेपण मला कळतं.

"तुझे वडील," लायोनेल म्हणाला. "व्हॅनची किल्ली होती हातात. मागे गरम पाण्याचा लोखंडी पाइप होता, त्यावर."

मर्विन खुर्चीत बसला. मग म्हणाला, "म्हणजे बापानेच. मी घण सोडला म्हणून. एवढ्या लांब गाडी हाकत आला आणि माझं तेवढंही मोडून गेला. आणि तू माझ्या शिव्या खात राहिलास?"

"हेच," लायोनेल म्हणाला. "तू हेच म्हणणार, म्हणून बोललो नाही. सोमवारी काम सुटल्यावर मी त्यांना विचारलं होतं. म्हणाले, कसली टकटक? त्यांच्या हाताने केलेलं त्यांना माहीतच नव्हतं. मग तुला काय सांगू? तू जाऊन भांडला असतास. आधीच मिठापुरतं बोलणं होतं तुमच्यात."

मी मध्येच म्हटलं, अरे दगडा, निदान मला सांगायचंस. दोघांनीही माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

"मर्विन," लायोनेल पुढे वाकला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. "तू आठवडाभरच होतास तिथे, म्हणून तुला माहीत नाही. कडी बिघडली तर तुझे वडील टकटक करायचे नाहीत. बिघडली तर शिव्या घालायचे, हातोडी फेकायचे, कडी पुन्हा भट्टीत. टकटक फक्त सांधा बसल्यावर. चांगला बसला, आता हात लावू नका, असं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला दुसरी कसली शाबासकी दिली नाही. आणि कड्याही सगळ्या टकटकीच्या नसायच्या."

मर्विनने आधी रेकॉर्डकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटांकडे. म्हाताऱ्या माणसाला रडताना बघायचं नसतं म्हणून मी चहा ठेवायला वळले, पण गेले नाही.

"मग तू पुन्हा सुरू का केलंस?" शेवटी त्याने विचारलं. "त्याने पुरे म्हटलं होतं तर?"

"तुझ्या तोंडाकडे पाहिलं," लायोनेल म्हणाला. "तुला ते ऐकूच आलं नव्हतं."

चहा मी केलाच नाही. मर्विनने उठून सुई मागे नेऊन ठेवली. लायोनेलने कानातलं यंत्र काढून कपात टाकलं आणि तळवा पुन्हा खोक्यावर टेकवला. मर्विनने आपली खुर्ची त्याच्या खुर्चीशेजारी आणली, त्याच्या हाताशेजारी आपलाही हात ठेवला, आणि आम्ही तिघंही ती टकटक यायची वाट बघत बसलो.